हा पांढरा होणार नाही

तोवाकोच्या टाकीतलं पाणी गढूळ होतं आणि ते तसंच राहणार होतं. खानावळीच्या पुढच्या दालनात पाऊल टाकणारा प्रत्येक जण आधी टाकीकडे बघायचा, मग तोवाकोकडे, आणि मग भलतंच काहीतरी बोलायचा. वारं कुठलं आहे, मासळी कशी आहे. पोस्टमन तेवढा तोंडावर बोलला.

"बाई, आत काही मेलंय का?"

"आत सगळं जिवंत आहे," तोवाको म्हणाली. "मेलेलं बघायचं असेल तर ते तिकडे फळीवर आहे."

फळीवर काचेच्या पेटीत, लाल-पांढऱ्या दोरीने बांधलेला, कुसाकाबे घराण्याचा प्रसिद्ध समुद्री स्पंज उभा होता. हातभर उंच, आतून पोकळ, काचेच्या धाग्यांनी विणल्यासारखा, पांढराशुभ्र. आत दोन सुकलेल्या कोळंब्या. काइरोदोकेत्सु म्हणतात त्याला. सोबत म्हातारं व्हायचं आणि एकाच खड्ड्यात जायचं, असा त्या शब्दाचा अर्थ. सुरुगाच्या उपसागरात, जिथे उजेड पोचत नाही अशा खोल चिखलात तो उगवतो. कोळंबीची दोन पिल्लं जाळीच्या भोकातून आत शिरतात, आतच वाढतात, इतकी वाढतात की पुन्हा त्या भोकातून बाहेर पडता येत नाही, आणि जोडीने जन्म तिथेच काढतात. म्हणून तो लग्नात द्यायचा. ही गोष्ट ऐकून लग्नात भलेभले डोळे पुसतात.

तोवाको या घरात सून म्हणून आली तेव्हा सासूने तिला पहिल्याच दिवशी ह्या पेटीसमोर बसवलं होतं. "बघ, कशी नांदतात," सासू म्हणाली होती, आणि तोवाकोने मान डोलावली होती. मान डोलावणं तिला फार चांगलं जमायचं. नंतरची सगळी वर्षं तिने तेच केलं.

त्या पेट्या करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. होडीवाले जाळ्यात आलेले स्पंज आणून द्यायचे, चिखलाने माखलेले, बुळबुळीत, वास मारणारे, मेलेले. ते ब्लीचमध्ये बुडवायचे. अंगावर जे काही जीव म्हणून असायचं ते विरघळून जायचं आणि राहायची ती नुसती काचेची जाळी. ती सावलीत वाळवायची, सुकलेल्या कोळंब्या आत पुन्हा चिकटवायच्या, दोरी बांधायची. साऱ्या किनाऱ्यावरच्या नवऱ्या तोवाकोच्या हातचा स्पंज घेऊन सासरी गेल्या. तिच्या बोटांची सालं मात्र कायम निघालेली असायची. आणि जिवंत स्पंज कसा दिसतो, हे त्या घरात कुणी बघितलंच नव्हतं. कुणाला बघावंसंही वाटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा तामोत्सु गेला. माणूस वाईट नव्हता. मारझोड नाही, दारू नाही, बाहेरचं लफडं नाही. वर्तमानपत्रामागून "हं" म्हणायचा आणि तोवाको त्या "हं"चा अर्थ लावत बसायची. मूलबाळ झालं नाही, त्याबद्दलही तो कधी बोलला नाही, आणि न बोलून त्याने तिला जेवढं ऐकवलं तेवढं सासूने बोलूनही नसेल ऐकवलं. जाताना खानावळ तेवढी तिच्या नावावर करून गेला. त्याबद्दल तिने त्याला मनापासून उदबत्ती लावली.

खानावळीत लांब तंगड्यांचे ते खोल पाण्यातले खेकडे मिळायचे. त्यांना बर्फासारखं पाणी लागतं, म्हणून दालनात भिंतीएवढी लांब काचेची टाकी आणि पाणी थंड करायचं यंत्र होतं. एकट्या बाईला स्वयंपाकघर झेपेना. तिने उरलेले खेकडे विकले, चूल बंद केली, पण यंत्र चालूच ठेवलं. मग धक्क्यावर जाऊन मोंजीला गाठलं. मोंजी पिंजरे टाकून खेकडे धरायचा आणि या खानावळीला पुरवायचा.

"मोंजी, मला एक स्पंज आणून दे. जिवंत."

"मालकीणबाई, नवरा गेल्यावर बायका मांजर पाळतात."

"मांजर म्यांव करतं. मला आता कुणाचं काही ऐकायचं नाही."

मोंजी पोट धरधरून हसला. पण त्याने आणून दिला.

तो पहिला तोवाकोने स्वतःच्या हाताने मारला. सवयीने मारला. त्याच्या अंगावर चिखल होता, आणि चिखल दिसला की तिचे हात आपोआप चालू लागायचे. तिने त्याला पाण्याबाहेर काढलं, नळीखाली धरून स्वच्छ केलं आणि परत ठेवलं. स्पंजाला तोंड नसतं की नाक नसतं. सगळ्या अंगाला भोकं, आणि त्या भोकांतून पाणी आत घेत राहणं हेच त्याचं जगणं. एकदा हवेत काढला की भोकाभोकात हवा अडकून बसते आणि मग पाणी काही आत शिरत नाही. वरून चांगला दिसत होता. आतून काळा पडत गेला.

दुसऱ्याला तिने बाहेर काढला नाही. त्याच्यासाठी तिने पाणी स्वच्छ ठेवलं. फेस काढून घाण ओढून घेणारं यंत्र चालू ठेवलं, कोळसा घातला, कापूस लावला. टाकी रिकामी वाटावी इतकं पाणी नितळ झालं. येणारा-जाणारा वाहवा करायचा. आणि स्पंज दिवसेंदिवस झिजत गेला, कारण आपण ज्याला घाण म्हणतो ना, पाण्यात तरंगणारं बारीकसारीक, तेच तो खातो. लोकांच्या कौतुकात तो उपाशी मेला. त्या दिवशी तोवाको टाकीपुढे खुर्ची टाकून बसली आणि तिला अनावर राग आला. कुणाचा ते तिलाच नीट सांगता आलं नसतं. पण रडू आलं नाही, राग आला, आणि तो बरा वाटला.

तिसऱ्या वेळी तिने मोंजीला दम भरला. पिंजरा पाण्याबाहेर ओढायचा नाही. तो होडीच्या कडेला पाण्यातच धरायचा, खालून बादली घालायची, स्पंज बादलीत घ्यायचा, आणि बादली जशीच्या तशी टाकीत बुडवायची. मोंजीने शिव्या घातल्या आणि सांगितलं तसं केलं. तोवाकोने फेसाचं यंत्र बंद केलं. खिडक्यांना काळं कापड लावलं. कालव्यांचा रस फडक्यातून गाळून चमचा चमचा पाण्यात सोडायला लागली. मोंजी खोल पाण्यातून पिंपं भरून आणायचा, कारण काच विणायला जे लागतं ते त्या पाण्यातच असतं, वरवरच्या पाण्यात नसतं. टाकी जुनी होती, कोपऱ्यातून पाझरायची. तामोत्सुची सिलिकॉनची बंदूक घेऊन ती बाहेरून सांधे भरत बसायची. काळं सिलिकॉन बोटाने सपाट करायचं, व्हिनेगरसारखा वास सुटायचा. ते काम तिला फार आवडायचं.

आणि हा जगला. पानगळ सरली, थंडी पडली, तरी हा जगलाच होता. पांढरा नव्हता. मळकट, पिवळसर, अंगावर साय धरल्यासारखा, टाकीच्या तळच्या चिखलात पाय रोवून उभा. वरच्या कडेला नवी कोवळी जाळी फुटली होती. आत दोन कोळंब्या होत्या आणि त्यातल्या मादीच्या पोटाशी अंडी होती. तोवाको सकाळी चहा घेऊन टाकीपुढे बसायची आणि मंद विजेरीने बघायची. नवऱ्यामागे ती सुखात होती. लोकांना हे कसं सांगणार?

अशात तिचा धाकटा दीर गेन्गो संत्र्यांचा खोका घेऊन आला. तोवाको लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता, त्याचे गणवेश तिनेच धुतले होते. आता शहरात त्याचं लग्नाचं सभागृह होतं आणि पोटही तसंच सुटलं होतं. बरोबर बायको हिसानो होती.

"वहिनी, रविवारी दादाचं वर्षश्राद्ध," गेन्गो बूट काढता काढताच म्हणाला. "सगळे येणार. मठातून थेट स्मशानात दगडापाशी, मग इथे जेवण. डबे मी मागवतो. तू फक्त हे... हे जरा..."

"काय?"

"पाणी बदल गं! सोयरे यायचेत. त्यांना वाटेल, दादा गेला आणि हिने घराचं डबकं केलं."

"डबकंच आहे ते. मी मुद्दाम केलंय."

हिसानो मध्ये पडली. ती मनाची चांगली होती, आणि तिच्या चांगुलपणाला हात आवरत नसत. "ताई, तुम्ही काही करू नका. तुम्ही मठात जा, मी मागे थांबून डबे मांडते. तेव्हाच काचेवर जरा हात फिरवते."

"हात फिरवायचा नाही, हिसानो. काचेला बोटसुद्धा लावायचं नाही."

गेन्गो खाली बसला, एक संत्रं सोललं, अर्धं तोवाकोपुढे केलं. आता मुद्द्यावर येणार, हे तिने ओळखलं. लहानपणी चोरून खाल्लं की तो असाच अर्धं पुढे करायचा.

"चिगुसाचं लग्न वसंतात आहे. माझी एकुलती एक. माझ्याच सभागृहात. आपल्या घराचा काइरोदोकेत्सु नको का? आणि मोंजी म्हणत होता, तुझ्या टाकीत जोडीसकट आहे. खरी जोडी! चिकटवलेली नाही! असा तर आजोबांच्या वेळेलासुद्धा निघाला नसेल. रविवारी आम्ही घेऊन जातो. तू पांढरा करून ठेव."

"नाही."

"बरं, तू नको करू. हिसानो करेल."

"गेन्गो, तो जिवंत आहे."

"म्हणून तर म्हणतोय, ताजा आहे तोवर!"

"फळीवरचा घेऊन जा. त्याला भूक लागत नाही."

"फळीवरचा जुना झाला. वहिनी, तू चिगुसाला अंगाखांद्यावर खेळवलीस. तिच्यासाठी एवढं नाही करणार?"

हे मात्र वर्मी लागलं. चिगुसा सुट्टीला इथेच असायची. त्या पेटीपुढे नाक चेपून बसायची आणि म्हणायची, काकू, माझ्या लग्नात मला मोठ्ठा दे. तोवाकोने तिला शब्द दिला होता. पोरीला दिलेला शब्द. तोवाको गप्प राहिली, आणि गेन्गोने त्या गप्प राहण्याला होकार समजून उरलेलं संत्रं तोंडात टाकलं.

पुढचे दिवस तिने स्वतःशी भांडण्यात घालवले. एक स्पंज तो काय! मोंजी आणखी आणेल. आणि पोरीचं लग्न काय पुन्हा होणार आहे? शनिवारपर्यंत तिने मनाशी जवळजवळ ठरवलं होतं की द्यायचा. ब्लीचची बाटलीही शोधून मोरीपाशी काढून ठेवली होती.

रविवारी तिने काळा किमोनो नेसला, बाह्यांवर कुसाकाबेंचं पांढरं चिन्ह असलेला. मठात मंत्र झाले, गुडघे आखडले, नातेवाईक लोक हळूच पाय बदलत राहिले. मग सगळे डोंगरउतारावर घराण्याच्या दगडापाशी गेले. काळा, घोटलेला, उंच दगड. घरातल्या सगळ्यांच्या अस्थी त्याच्याच खाली ठेवायच्या. गेन्गो तिच्या शेजारी आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"वहिनी, पाथरवट दादाचं नाव कोरायला येणारच होता. म्हटलं, हातासरशी होऊन जाऊ दे."

दगडावर तामोत्सुचं नाव कोरलं होतं. आणि त्याला खेटून, तेवढ्याच उंचीचं, तोवाको. अक्षरांत लाल रंग भरलेला. माणूस जिवंत आहे तोवर लाल रंग, मेला की रंग खरवडून काढायचा. गावात पुष्कळ विधवांची नावं अशी लाल होती. तोवाकोने त्या दगडांवर पाणी घालताना ती कितीदा पाहिली होती आणि कधी काही वाटलं नव्हतं.

"किती छान," मागून एक चुलत नणंद म्हणाली. "शेजारी शेजारी."

"मला कुणी विचारलं?" तोवाको म्हणाली.

"काय?"

"माझं नाव कोरण्याआधी मला कुणी विचारलं का?"

गेन्गो हसला, इकडेतिकडे बघून हसला. "आता यात काय विचारायचं, वहिनी? दुसरीकडे कुठे जाणार आहेस तू? मूल ना बाळ. आम्ही नाही सांभाळलं तर तुझ्या अस्थी ठेवणार कोण?"

त्याने ते प्रेमाने विचारलं होतं, हेच सगळ्यात वाईट होतं. तोवाकोला आपलं नाव दिसत होतं, आपल्याला वगळून आत जाऊन बसलेलं. उदबत्तीचा धूर डोळ्यांत जात होता. तिने पळीभर पाणी दगडावर ओतलं, फक्त तामोत्सुच्या बाजूला, आणि कुणाची वाट न बघता उतार उतरायला लागली. मागून गेन्गो "वहिनी, अगं हळू, पडशील!" म्हणत धापा टाकत येत होता.

खानावळीचं दार सरकवलं आणि ब्लीचचा वास नाकात शिरला.

टाकी लखलखत होती. खिडक्यांची काळी कापडं घडी घालून ठेवली होती, फेसाचं यंत्र घुरघुरत होतं, टाकीची काच अशी चमकत होती की त्यात दार दिसत होतं. खाली जमिनीवर ब्लीचने भरलेली परात. आणि बाह्या दोरीने बांधून, स्टुलावर चढून, हिसानो दोन्ही हात पाण्यात घालून उभी होती. स्पंज तिच्या हातात होता. चिखलातून उपटलेला, वर येत चाललेला.

"ताई, आलात पण? म्हटलं तुम्हाला त्रास नको—"

"वर आणू नकोस!"

तोवाकोने शेजारचं दुसरं स्टूल पायाने ओढलं, चढली आणि किमोनोसकट हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. पाणी इतकं थंड होतं की श्वास अडकला. तिने पाण्याखाली हिसानोचं मनगट धरलं.

"सोडू नकोस. वरही आणू नकोस. खाली घे. हळू. आणखी खाली."

"ताई, हात बधिर झालेत..."

"होऊ देत. माझेही झालेत. खाली."

दोघींनी मिळून त्याला तळापर्यंत नेलं. तोवाकोने दुसऱ्या हाताने चिखल उकरून खळगा केला, त्यात त्याची मुळं बसवली आणि भोवती चिखल दाबला. सगळं पाणी ढवळून निघालं. लखलखीत टाकी बघता बघता पुन्हा डबक्यासारखी झाली, आणि त्या गढूळ पाण्यात तिची काळी बाही पांढऱ्या चिन्हासकट दिसेनाशी झाली.

तोवर सगळी मंडळी दारात येऊन ठेपली होती. कुणी बूट काढले होते, कुणी काढायचे विसरले होते.

"वहिनी," गेन्गो म्हणाला, "खाली उतर. तमाशा नको."

"नाही उतरत. डबे मांडलेत, जेवायला बसा."

"हे काय चाललंय?"

"काय चाललंय ते सांगते. हा पांढरा होणार नाही. हिसानो, ते फेसाचं यंत्र बंद कर आधी. आणि ती परात मोरीत रिकामी कर."

हिसानोने नवऱ्याकडे बघितलं, मग टाकीकडे. मग ओल्या हातांनी जाऊन यंत्राचं बटण बंद केलं. घुरघुर थांबली. गेन्गोचा चेहरा लाल झाला. त्याने वळून चिगुसाला पुढे ओढली. पोरगी काळ्या कपड्यांत आणखीच लहान दिसत होती.

"सांग. तूच सांग काकूला."

चिगुसाने मान खाली घातली. "मला हवा होता, काकू," ती म्हणाली. "खरंच हवा होता. लहानपणापासून."

"माहीत आहे मला. शब्द दिला होता मी तुला." तोवाकोने हात पाण्यातून काढला नाही. "तो मोडतेय. राग धर माझा, हक्क आहे तुला. पण देणार नाही."

मंडळींत कुजबुज झाली. चुलत नणंदेने "बाई बाई" म्हणून तोंडाला रुमाल लावला. चिगुसाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला म्हणून ती टाकीजवळ येऊन काचेला नाक लावून उभी राहिली, लहानपणी पेटीपुढे उभी राहायची तशीच. बराच वेळ तिला काही दिसलं नसेल. मग चिखल थोडा खाली बसला.

"हलतायत," ती म्हणाली.

"हलणारच. घाबरल्यात."

"काकू, ह्या बाहेर नाही येऊ शकत?"

"नाही."

"दार नाही आत?"

"शिरताना होतं," तोवाको म्हणाली.

चिगुसा काचेला नाक लावूनच राहिली. गेन्गोला मात्र राहवेना. त्याने तोवाकोला स्मशानातलाच प्रश्न पुन्हा विचारला, आता प्रेम कमी आणि आवाज जास्त. "एवढा तोरा कशाच्या जिवावर? उद्या डोळे मिटलेस तर कुठे जाणार आहेस? सांग ना सगळ्यांसमोर!"

"मोंजीच्या होडीतून जाईन," तोवाको म्हणाली. तिलाही ते तोंडून निघेपर्यंत माहीत नव्हतं. "जळल्यावर जे उरेल ते उपसागरात टाकायला सांगेन. जिथून हे येतात तिथे. तुमच्या दादाबरोबर मी संसार केला, नेटाने केला, त्याच्या आईचं केलं, तुझे गणवेश धुतले, साऱ्या गावाच्या पोरींना पेट्या बांधून दिल्या. झालं. आता मरणही तुमच्या पसंतीने? माझं नाव दगडावरून काढायचं, गेन्गो. मी तिथे येणार नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाईच्या टाकीत घाण आहे. ते आत्ताही म्हणतात."

कुणीतरी मागे खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. गेन्गो तसाच बूट घालून बाहेर गेला. बाकीच्यांनी थोडा वेळ एकमेकांकडे पाहिलं, आणि मग, डबे मागवलेलेच होते म्हणून, बसून जेवले. तोवाको स्टुलावर उभीच होती. हिसानोने एक भाताचा गोळा आणून तिच्या तोंडात घातला.

दोन दिवस तोवाकोला घास गोड लागला नाही. स्पंज आतून काळा पडतोय का, हे विजेरीने सारखी बघत राहिली. नाही पडला. कोळंबीच्या पोटाशी अंडी जशीच्या तशी होती. तेव्हा कुठे ती पोटभर जेवली.

मग ती पाथरवटाकडे गेली. पाथरवटाने कान खाजवला. लाल रंग निघेल म्हणाला, पण कोरलेलं ते कोरलेलं. पुसायचं तर सगळा दर्शनी भाग घासायला लागेल, त्यात तामोत्सुचं नावही जाईल, आणि त्याला घराण्यातल्या पुरुषाच्या संमतीचा शिक्का लागतो. "तुमच्या दिरांचा आणा," तो म्हणाला. "नाहीतर राहू द्या ना बाई. आज ना उद्या लागणारच आहे."

तोवाको घरी आली. चहा प्याली. तामोत्सुची सिलिकॉनची बंदूक पिशवीत घातली, त्यात काळी नळी भरली, एक फडकं घेतलं आणि उतार चढून गेली.

उन्हं चांगली पडली होती. तिने आधी सुरीच्या टोकाने लाल रंग खरवडून काढला, फडक्याने अक्षरं कोरडी केली. मग नळीचं तोंड पहिल्या रेघेत टेकवून चाप दाबला. टाकीच्या सांध्यात भरते तसंच, घाई न करता, रेघेच्या तळापर्यंत. वर आलेलं अंगठ्याने सपाट करायचं. काळ्या दगडात काळं. व्हिनेगरचा तोच वास सुटला आणि तिला टाकीपुढच्या सकाळी आठवल्या. "तुझ्यावर राग नाही," ती तामोत्सुला म्हणाली. "तू इथे नीट राहा. मी येत जाईन पाणी घालायला. पण बाहेरूनच."

तामोत्सु नेहमीसारखा काही बोलला नाही. पण या वेळी तिने त्याचा अर्थ लावला नाही.

शेवटचं अक्षर भरत होती तेव्हा मागे पावलं वाजली. गेन्गो फुलं घेऊन आला होता. रविवारचा राग ओसरला असावा, किंवा हिसानोने ओसरवला असावा. तो जवळ आला, दगडाकडे बघितलं, तिच्या काळ्या अंगठ्याकडे बघितलं. दादाच्या नावाशेजारी नुसता घोटलेला दगड होता, आणि त्यात झाडांची सावली पडली होती.

"वहिनी! हे काय करतेस?"

"दिसत नाही का? पाझरत होतं, बंद केलं."

गेन्गोने न राहवून बोट पुढे केलं. तोवाकोने त्याच्या हातावर चापट मारली, अगदी तो शाळेत होता तेव्हा मारायची तशी.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "ओलं आहे अजून. उद्यापर्यंत पक्कं होईल."